कार्डाची मागची बाजू

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना सगळे कार्डबाई म्हणतात. लाकूड संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात त्यांनी एकतीस वर्षं कार्डं लिहिली, म्हणून हे नाव. संस्थेत त्यांना कुणी दुसऱ्या नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही, आणि घरात त्यांची नणंद त्यांना ‘वहिनी’ म्हणते. त्यामुळे खऱ्या नावाची गरज फक्त पगाराच्या कागदाला पडते.

बाई ठेंगण्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कानामागे पेन्सिल. ती पेन्सिल कानामागून काढायला त्या विसरतात आणि तशाच बाजारात जातात. बोलणं तिखट. पण ज्याला बोलतात त्याला दुसऱ्या दिवशी घरी बोलावून चहा पाजतात, हे मी पंचवीस वर्षं पाहते आहे.

संस्थेत शास्त्रज्ञ लोक लाकडावर प्रयोग करतात आणि अहवाल लिहितात. एका अहवालाचं एक कार्ड. कार्डाच्या पुढच्या बाजूला अहवालाचा क्रमांक, शास्त्रज्ञाचं नाव आणि त्यानं दिलेलं शीर्षक, असा नियम. मागची बाजू कोरी ठेवायची, असाही नियम होता. तो बाईंनी नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मोडला. होड्या दुरुस्त करणारा एक म्हातारा आला आणि म्हणाला, “बाई, माझं लाकूड रडतंय. काय करू?” बाईंना काही कळेना. शेवटी एका शास्त्रज्ञानं सांगितलं, की लाकडातून चीक गळतो त्याला हे लोक रडणं म्हणतात. त्यावर अहवाल होता. शीर्षक होतं ‘राळवाहिन्यांमधील स्रावाचे तापमानसापेक्ष वर्तन’. बाईंनी कार्ड उलटं केलं आणि मागे पेन्सिलीनं लिहिलं, ‘लाकूड रडतं. होडीवाले विचारतात.’

तेव्हापासून त्यांचं तेच चाललं. माणूस ज्या शब्दानं विचारायला आला तो शब्द मागे. शास्त्रज्ञ पुढे, गिऱ्हाईक मागे. बेचाळीस हजार कार्डं झाली. सुतार, खेळणी करणारे, वाद्यं करणारे, फण्या कोरणारे असे सगळे ग्रंथालयात यायचे, बाईंना आपल्या भाषेत दुखणं सांगायचे आणि दहा मिनिटांत हातात अहवाल घेऊन बाहेर पडायचे. शास्त्रज्ञांना आपण एवढे लोकप्रिय कसे, याचं फार कौतुक वाटायचं.

मग नवे संचालक आले. त्यांनी पाहिलं, की ग्रंथालयात माणसं येतात. संशोधन संस्थेत माणसं येणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी संकेतस्थळ करायचं ठरवलं. “आता सगळं ज्ञान एका टिचकीवर,” असं ते प्रत्येक भाषणात म्हणू लागले. टिचकी मारून दाखवण्याचा त्यांचा हावभावही ठरलेला होता.

कंत्राटदाराची माणसं नऊ दिवस आली. त्यांनी एकेक कार्ड यंत्राखाली धरलं आणि त्याचं चित्र काढलं. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, “अहो, मागेही लिहिलंय.”

“करारात दर कार्डाला एक चित्र असं आहे, बाई.”

“मग मागच्याचं काढा. पुढचं राहिलं तरी चालेल.”

ते हसले. बाईंना विनोदी समजण्याची चूक लोक पहिल्यांदा करतात तशी त्यांनीही केली. बाई म्हणाल्या, “बरं.” आणि गप्प बसल्या. त्या पुन्हा कुणालाही काही म्हणाल्या नाहीत, संचालकांनाही नाही. पुढं जे झालं त्यात त्या ‘बरं’चाही वाटा आहे. बाई मला प्रिय आहेत, पण हे लिहिलंच पाहिजे.

संकेतस्थळाचं उद्घाटन झालं. संगणकाच्या पडद्याला लाल फीत बांधली होती, ती कापताना पडद्यावर कात्रीचा ओरखडा उमटला. तो अजून आहे. पडद्यावर एका कोपऱ्यात चष्मा घातलेलं घुबड बसवलं होतं. त्याचं नाव शोधमित्र. ते पंख हलवून विचारायचं, ‘मी आपली काय मदत करू?’ बाईंनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा त्यांच्या नणंदेनं शिलाईयंत्र थांबवलं.

“घुबड?” त्या म्हणाल्या. “माणसं काय कमी होती का तिथं?”

मीही एकदा ते शोधसाधन चालवून पाहिलं. ‘वाळवी’ असं लिहिलं. घुबडानं विचारलं, ‘आपल्याला वार्षिक असे म्हणायचे आहे का?’ आणि चारशे बारा निकाल दिले. त्यातला पहिला वार्षिक समारंभात संचालक ढाल स्वीकारताना, दुसरा ढाल देताना, तिसऱ्यात ढाल नुसतीच. मग ‘लाकूड’ लिहिलं. सहा हजार निकाल आले, तेही संचालकांपासूनच सुरू. ‘प्रगत शोध’ नावाचं आणखी एक पान होतं. त्यात नऊ चौकोन. प्रकल्प क्रमांक, उपक्रमांक, लेखकाचं आडनाव, मंजुरीचं वर्ष. नऊच्या नऊ चौकोन ज्याला भरता येतील त्याला शोधायचं काही उरतच नाही, हे एवढ्या शिकलेल्या लोकांत कुणाच्या लक्षात आलं नसावं. बडा घर पोकळ वासा म्हणतात. लाकडाच्या संस्थेला तर तो वासा तपासायची यंत्रंही होती.

कार्डांची कपाटं जिन्याखाली हलवली. बाईंचं टेबलही त्यांच्या मागोमाग गेलं. वरून माणसं चढली उतरली की त्यांच्या डोक्यावर धडधड व्हायची. निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं, म्हणून त्यांना एकच काम दिलं होतं. दर सोमवारी यंत्रातून एक यादी छापून यायची, ‘निष्फळ शोध अहवाल’. आठवडाभरात लोकांनी काय काय विचारलं आणि काहीच सापडलं नाही, त्याची ती यादी. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, विचारलेले शब्द, पुढे ‘निकाल शून्य’ आणि घुबडानं उलट काही विचारलं असेल तर तेही. ती भोकं पाडून फायलीत लावायची. वाचायची असं कुणी सांगितलं नव्हतं. वाचायची नाही असंही कुणी सांगितलं नव्हतं.

बाई ती वाचायच्या. नुसती वाचायच्या नाहीत, तिची एक जादा प्रत काढून घरी आणायच्या आणि सोमवारी संध्याकाळी चहाबरोबर मला आणि नणंदेला वाचून दाखवायच्या. त्यांच्या आयुष्यातली ती मोठीच करमणूक होती.

“ऐका. ‘दार फुगलं’. निकाल शून्य! सहा अहवाल आहेत माझ्याकडे दार फुगण्यावर, सहा! ‘बाळाच्या खेळण्याला कुठलं लाकूड चालेल’. शून्य! घुबड म्हणतं, आपल्याला बाष्प म्हणायचे आहे का? ‘कडकड वाजतं लाकूड’. शून्य! अगदी बरोबर झालं. विचारा अजून घुबडाला!”

हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मीही हसायचे. संचालकांची फजिती कुणाला आवडत नाही?

असेच एका सोमवारी आम्ही हसत होतो. बाई वाचत होत्या. “‘शाई उतरलेलं लाकूड’. शून्य. ‘शाईचं लाकूड मोडतं का’. शून्य. ‘निळं पडलंय पण घट्ट आहे’. शून्य. ‘शाळेचे बाक शाई’. शून्य. ‘बाक मोडणार नाहीत पुरावा’. हा बघा, आता पुरावा मागतोय घुबडाकडे! ‘येत्या गुरुवारी समिती आहे’. शून्य. ‘कोणी आहे का’. शून्य.”

मी हसले. नणंदबाई हसल्या नाहीत. त्या शिवण बाजूला ठेवून म्हणाल्या, “वहिनी, तो कागद बघू.”

त्यांनी कागद दिव्याजवळ धरला. वेगवेगळ्या मापांच्या बाह्या एका नजरेत ओळखणारी बाई ती. “हे सगळं दुपारी एक ते दीडच्या मधे लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “रोज. हा एकच माणूस आहे, वहिनी. जेवायच्या सुट्टीत लिहितोय. जेवत नाहीये.”

मग त्यांनी ‘शाई’ या शब्दावर बोट ठेवलं.

“शाई म्हणजे काय?”

“लाकडाला बुरशीनं निळा डाग पडतो. सुतार त्याला शाई उतरली म्हणतात.”

“आणि मग ते मोडतं?”

“छे. मोडत कसलं? दिसायला वाईट, एवढंच. त्यावर अहवाल आहे आपला. दोनशे तुकडे मोडून पाहिले होते.”

“हे तुम्हाला माहीत आहे.”

“मला नाही तर कुणाला माहीत असणार, वन्सं?”

“मग कोणी आहे का, असं तो विचारतोय, त्याला उत्तर कोण देणार? मी?” नणंदबाईंनी कागद परत दिला. “काखेत कळसा नि गावाला वळसा. आणि तुम्ही त्या कळशाला टेकून हसताय.”

चहा तसाच राहिला. कार्डबाईंनी यादीची घडी घालून ती पिशवीत ठेवली.

मंगळवारी सकाळी त्या संस्थेच्या दारावरच्या पहारेकऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

“मागच्या आठवड्यात कुणी सुतार आला होता?”

“आला होता की. लाकडाचा तुकडा घेऊन. कुणाला तरी भेटायचंय म्हणाला.”

“मग?”

“मग काय? साहेबांचा हुकूमच आहे, सगळं संकेतस्थळावर आहे म्हणून सांगायचं. सांगितलं. दोनदा आला, दोनदा सांगितलं.”

“आणि तुकडा?”

पहारेकऱ्यानं आपल्या खोलीच्या दाराकडे बोट दाखवलं. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली एक फिकट लाकडाचा ठोकळा सरकवलेला होता. “ठेवून गेला. म्हणाला, कुणी बघितलं तर बरं होईल. घट्ट आहे बरं का बाई, दार हलू देत नाही.”

बाईंनी वाकून तो उचलला. दार धाडकन आपटलं. ठोकळ्यावर निळसर पट्टे होते, शाईची दौत कलंडल्यासारखे. आणि उलट बाजूला सुतारी पेन्सिलीनं, जाड अक्षरात, फोनचा आकडा. त्यानंही मागच्याच बाजूला लिहिलं होतं.

एक वाजता बाईंनी फोन केला. पलीकडून रंध्याचा आवाज येत होता, तो थांबला. सुताराचं म्हणणं असं. सव्वीस वर्षं तो शाळांचे बाक करतो, दुसरं काही करत नाही. यंदा एका शाळेला चाळीस बाक दिले. शाळेच्या इमारती तपासणारे एक अभियंते आले, त्यांनी निळे डाग पाहिले आणि ‘कुजके लाकूड, मुलांना धोका’ असा शेरा मारला. गुरुवारी शाळेची समिती बसणार. शेरा मान्य झाला की बाक फोडून जळणाला जाणार, आणि त्याचं नाव सगळ्या शाळांना कळवलं जाणार.

“बाकांचं काय हो,” तो म्हणाला, “पुन्हा करीन चाळीस. पण मुलांना कुजकं लाकूड देणारा, असं नाव पडलं तर रंधा हातात धरू कसा? मी त्यांना सांगितलं, शाई आहे ही, कूज नाही. ते म्हणाले, लेखी दाखव. आता माझं लेखी कुठून आणू? त्या घुबडाला विचारत होतो.”

“घुबडाचं जाऊ द्या,” बाई म्हणाल्या. “उद्या एक वाजता या. जेवून या.”

कार्ड त्यांना दोन मिनिटांत सापडलं. पुढे ‘मृदुकाष्ठातील कवकजन्य विवर्णतेचा नमनशक्तीवरील परिणाम: प्राथमिक निरीक्षणे’. मागे त्यांच्याच अक्षरात, ‘शाई. सुतार विचारतात, मोडेल का? नाही.’ अहवालही मागच्या खोलीतल्या फडताळात जागच्या जागी होता. प्रत काढून शिक्का मारायचा, एवढंच उरलं होतं. पण शिक्क्याला संचालकांची परवानगी लागते, म्हणून त्या वर गेल्या.

संचालक प्रसन्न होते. ते नेहमीच प्रसन्न असतात, त्यांना कुणी काही विचारत नाही. त्यांनी कार्डाकडे पाहिलं आणि म्हणाले, “बाई, कार्डं आता बंद झाली ना?”

“कार्डं बंद झाली, साहेब. लाकूड चालू आहे.”

“तसं नाही. आपलं धोरण काय? जे शोधात येत नाही, ते उपलब्ध नाही.”

“अहवाल माझ्या हातात आहे.”

“हातात असेल हो. पण दिसत नाहीये ना कुठे!” त्यांनी टिचकी मारून दाखवली. “त्या गृहस्थांनी शोधून निकाल क्रमांक मिळवावा, दस्तऐवज मागणी अर्जात भरावा. अर्ज आला की संबंधित कर्मचारी कार्यवाही करेल. पद्धत आहे, बाई. पद्धतीशिवाय संस्था कशी चालेल?”

संस्था चालत नव्हतीच, हे बाईंनी त्यांना सांगितलं नाही. “बरं,” म्हणाल्या. पण हे ‘बरं’ वेगळं होतं.

त्या खाली आल्या. ओरखडा पडलेल्या त्या संगणकासमोर बसल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी घुबडाला काहीतरी विचारलं. कार्ड समोर धरून अख्खं शीर्षक एकेक अक्षर करत लिहिलं, ‘मृदुकाष्ठातील’पासून ‘निरीक्षणे’पर्यंत. घुबडानं पंख हलवले. एक निकाल सापडला.

मी शिक्षिका, एवढी वर्षं वर्गावर काढली. असा एक विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. उत्तर फळ्यावर लिहून झालं की तो हात वर करतो. त्याला मी कधी रागावले नाही, पण त्याला वर्गप्रमुखही केलं नाही.

निकाल क्रमांक मिळाला. बाईंनी सुताराच्या वतीनं अर्ज भरला आणि पाठवला. अर्ज यंत्रातून आवक विभागात गेला, तिथे त्याची छापील प्रत निघाली, तिच्यावर नोंद झाली, ती वरच्या मजल्यावर गेली, तिथून सही होऊन पुन्हा खाली आली. तीन तासांनी शिपायानं तो कागद ‘संबंधित कर्मचाऱ्याकडे आवश्यक कार्यवाहीसाठी’ आणून दिला. संबंधित कर्मचारी जिन्याखाली बसल्या होत्या, अहवालाची प्रत आधीच काढून, शिक्का शाईत बुडवून.

“काय हो हे बाई,” शिपाई म्हणाला, “तुमचाच कागद तुम्हालाच?”

“पद्धत आहे,” बाई म्हणाल्या आणि शिक्का मारला. जिना हादरला.

बुधवारी एक वाजता सुतार आला. उंच, वाकलेला, भुवयांवर भुसा. अहवालाचं शीर्षक वाचून त्याचा चेहरा पडला. “हे माझ्याबद्दल आहे?”

“तुमच्याबद्दलच आहे. ह्या लोकांना सरळ बोलता येत नाही, मनावर घेऊ नका. अकरावं पान काढा. डागी तुकडे शंभर, बिनडागी शंभर, किती भाराला मोडले ते बघा.”

त्यानं बोटानं रकाने वाचले. ओठ हलत होते. “सारखंच आहे की!”

“आता चौदावं पान. शाई आणि कूज ओळखायची कशी, ते दिलंय. सुरीचं टोक खुपसायचं. कुजक्यात आत जातं आणि भुगा निघतो. शाईच्या लाकडात जात नाही.”

“हे तर माझ्या बापानं मला शिकवलं होतं.”

“मग तुमच्या बापाला अहवाल लिहायला हवा होता,” बाई म्हणाल्या. “आम्हाला शोधायला सोपा गेला असता.”

गुरुवारी काय झालं ते सुतारानं दुसऱ्या दिवशी येऊन नणंदबाईंच्या शिलाईयंत्राशेजारी बसून सांगितलं. अभियंत्यांनी शीर्षक वाचून अहवाल आदरानं बाजूला ठेवला होता. मुख्याध्यापिकांनी तो ओढून घेतला, चौदावं पान वाचलं आणि पेन्सिली कापायची सुरी मागवली. सगळी समिती वर्गात गेली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “खुपसा.” अभियंत्यांनी पहिल्या बाकाला टोक खुपसलं. ते गेलं नाही. दुसऱ्याला, तिसऱ्याला. सातव्या बाकाला सुरीचं टोकच मोडलं. मुख्याध्यापिकांनी दुसरी सुरी मागवली आणि चाळीसच्या चाळीस बाक तपासायला लावले. शेवटी अभियंत्यांनी आपल्या हातानं ‘कुजके लाकूड’ खोडून ‘रंगदोष’ लिहिलं.

“त्यांच्या हाताला फोड आला,” सुतार म्हणाला. त्याला त्याचं वाईट वाटत होतं. चांगला माणूस.

“येऊ दे,” नणंदबाई म्हणाल्या. “तुम्ही जेवलात का?”

संस्थेच्या वार्षिक अहवालात ‘शोधमित्रामुळे एका कारागिराचा प्रश्न एका टिचकीत सुटला’ असं पान छापून आलं, घुबडाच्या चित्रासह. मी रागानं ते बाईंना दाखवलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “छापू दे. वार्षिकमधे आहे ना? मग शोधणाऱ्याला सापडेल,” त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या. आता सोमवारची यादी आली की त्या हसत नाहीत. पेन्सिल काढतात आणि एकेका ओळीपुढे कार्डाचा क्रमांक लिहितात. माणूस शोधून काढता आला तर फोन करतात. नाही सापडला तर चिडतात.

सुतारानं मात्र गप्प बसायला हवं होतं, ते त्याला जमलं नाही. महिन्याभरानं एका सोमवारी बाई घरी आल्या आणि दारातच उभं राहून त्यांनी यादी नणंदेपुढे धरली. मीही वाकून पाहिलं. पहिल्या ओळीपासून चौदाव्या ओळीपर्यंत, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी, पण प्रश्न एकच.

‘कार्डबाई कुठे भेटतील’. निकाल शून्य. घुबड विचारत होतं, आपल्याला कार्यशाळा असे म्हणायचे आहे का?

बाईंनी कानामागची पेन्सिल काढली, कागद भिंतीला टेकवला आणि चौदाही ओळींना मिळून एकच कंस काढून समोर लिहिलं, ‘जिन्याखाली’.